पैसे त्यांचे, प्रश्न आपला: महाराष्ट्रातल्या फेलोशिपची गोष्ट

आजच्या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी खास.

एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. समजा, तुम्ही आज रात्री जेवताना घरी जाहीर केलंत की, "मी पुढची पाच वर्षं नोकरी करणार नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर शोधायचंय." तर घरचे काय म्हणतील? तो प्रश्न कोणता, हे कुणीच विचारणार नाही. आई विचारेल, "आणि खाणार काय?" वडील विचारतील, "पाच वर्षांनी पुढे काय?" आणि आत्या विचारेल, "मग लग्नाचं?"

या तीनपैकी पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फेलोशिप. आत्याच्या प्रश्नाला अजून कुठल्याही सरकारने योजना काढलेली नाही.

मी मुकुंदवाडीत राहतो. सॉफ्टवेअरची नोकरी करतो, बीटेक झालोय, इतिहासाची कुठलीही पदवी माझ्याकडे नाही. पण आमच्या कट्ट्यावर तीन जण पीएचडी करणारे आहेत. पहिला रसायनशास्त्रवाला. कापड रंगवल्यावर जे रंगीत पाणी उरतं, ते स्वस्तात कसं साफ करायचं यावर त्याचं काम चालू आहे, आणि रात्री तो गझल लिहितो. दुसरी मैत्रीण जुन्या शहरातल्या बायकांच्या दखनी म्हणी आणि लग्नातली गाणी गोळा करते. तिसरा मोडी लिपीतली कागदपत्रं वाचतो. एका गावात दीडशे वर्षांपूर्वी विहिरीचं पाणी कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही, हे त्याला शोधायचंय. तिघांचे विषय इतके वेगळे की एकमेकांचं काम त्यांना नीट कळत नाही. पण तिघांना एक वाक्य मात्र सारखंच कळतं: "आली का रे फेलोशिप?"

म्हणून ठरवलं की या शब्दाचाच इतिहास बघू. संशोधन करणाऱ्याला पैसे द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे आली कुठून? पैसे कोण देत होतं? कशासाठी? आणि ज्यांना मिळाले, त्यांनी त्या पैशांचं नक्की काय केलं? शोधत गेलो तर गोष्ट थेट तळेगाव दाभाड्याला जाऊन पोचली.

श्रावणातली दक्षिणा

अठराव्या शतकाची सुरुवात. मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे. त्यांच्या घराण्याने तळेगावला एक प्रथा सुरू केली होती. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत खंडेरावांचा मुलगा त्रिंबकराव मारला गेला. समोर होते पहिले बाजीराव पेशवे. त्यानंतर दक्षिणेचा हा कारभार पेशव्यांनी आपल्याकडे घेतला आणि तो पुण्याला आला.

पुण्यात ही दक्षिणा वाढत गेली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाची जागा होती, तिथे लांबलांबून आलेल्या ब्राह्मणांची गर्दी व्हायची. नावाजलेल्या पंडितांना मोठी रक्कम, बाकीच्यांना थोडी थोडी. म्हणजे बघा, विद्येसाठी पैसा देण्याची एक मोठी व्यवस्था आपल्याकडे होती. पण तिचं दार एकाच जातीसाठी उघडं होतं. शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून तिजोरी भरायची, आणि त्यातून विद्येसाठी निघालेला पैसा शेतकऱ्याच्या पोराला कधीच मिळायचा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे याच पैशांची गंमत होणार आहे.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रज आले. एल्फिन्स्टनसमोर प्रश्न उभा राहिला की या दक्षिणेचं करायचं काय? एकदम बंद केली तर पुण्यातला सगळा विद्वान वर्ग बिथरणार. चालू ठेवली तर नव्या सरकारचा फायदा काय? मग मधला रस्ता निघाला. दक्षिणेच्या पैशातला काही भाग बाजूला काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत शिकवणारी पाठशाळा सुरू झाली. तिलाच हिंदू कॉलेज म्हणायचे. तेच पुढे पूना कॉलेज झालं आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज. आज येरवड्याच्या रस्त्याने जाताना डेक्कन कॉलेजची ती दगडी इमारत दिसली, तर मनात एवढं आणा की या संस्थेची सुरुवात श्रावणातल्या दक्षिणेतून झालीय.

दोनशे माणसं आणि एक नाकारलेलं नाटक

आता येऊ १८४९-५० च्या सुमाराला. पुण्यातल्या काही तरुण सुधारकांना वाटायला लागलं की हा पैसा असा वाटण्यापेक्षा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. यात गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, पुढे होते. त्यांनी सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं. शहरातले सनातनी खवळले. अर्ज घेऊन जाणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती. तेव्हा विशीतला एक तरुण सुमारे दोनशे माणसं सोबत घेऊन संरक्षणाला उभा राहिला, असं चरित्रकार सांगतात. त्या तरुणाचं नाव जोतीराव फुले.

अर्जाचा परिणाम झाला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली. मराठी पुस्तकं, भाषांतरं यांना बक्षिसं मिळू लागली. आता यातला उलटा फेरा बघा. १८५५ मध्ये जोतीरावांनी एक नाटक लिहिलं, 'तृतीय रत्न'. एक गरीब शेतकरी जोडपं, त्यांना शुभ-अशुभाची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि शेवटी ते जोडपं शिक्षणाकडे वळतं, अशी त्याची गोष्ट. हे नाटक त्यांनी याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांमुळे ते नाकारलं गेलं, हे जोतीरावांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय.

ज्या फंडाचं दार उघडायला त्यांनी दोनशे माणसं उभी केली, त्याच फंडाने त्यांना बाहेर ठेवलं. आणि ते नाटक छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे १२४ वर्षं! आपल्याला एखादा रिजेक्शनचा ईमेल आला की आपण दोन दिवस मूड घालवून बसतो.

इथे एक साधी गोष्ट दिसते. नियम बदलला म्हणजे काम झालं असं नाही. निवड कमिटीत कोण बसलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. आजच्या फेलोशिपच्या मुलाखतीतून बाहेर आलेला कोणीही हे वाक्य वाचून मान हलवेल.

रानडे, आणि सहा महिने बंद पडलेला स्टायपेंड

याच दक्षिणेच्या पैशातून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मधोमध येते. कॉलेजातल्या हुशार तरुणांना दर महिना ठरावीक रक्कम द्यायची, त्यांनी पुढचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचंही. याला नाव पडलं दक्षिणा फेलोशिप. 'दक्षिणा' आणि 'फेलो' हे दोन शब्द शेजारी बसलेले बघून मला आजही हसू येतं. पण आपल्याकडची फेलोशिप अक्षरशः अशीच, देशी आणि विलायती शब्द एकमेकांना चिकटून जन्माला आली.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सुरुवातीच्या दक्षिणा फेलोंपैकी एक. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते संस्कृतकडे वळले, आणि पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. पुण्यातली भांडारकर संस्था त्यांच्याच नावाने, १९१७ मध्ये उभी राहिली.

दुसरे महादेव गोविंद रानडे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते आधी ज्युनिअर आणि मग सिनिअर फेलो होते. आधी महिना ६० रुपये, पुढे १२०. या काळात त्यांनी इतकं वाचलं की डोळे कायमचे अधू झाले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यात रानडे आणि भांडारकर दोघंही होते.

आता खरा किस्सा. फेलो असताना रानड्यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली, आणि तुलनेत इंग्रज कमी पडले. कॉलेजचे प्रिन्सिपल होते सर अलेक्झांडर ग्रँट. ते चिडले. जे सरकार तुला शिकवतंय त्यालाच तू नावं ठेवतोस, असा त्यांचा सूर होता. शिक्षा काय? रानड्यांची फेलोशिप सहा महिने बंद.

जरा विचार करा. विशीच्या आतबाहेरचा मुलगा. पैसे देणाऱ्याने सरळ सांगितलं की हा प्रश्न विचारायचा नाही. आपल्यापैकी बरेच जण तिथेच विषय बदलतील. मीही बहुतेक बदलला असता, कारण महिन्याच्या पाच तारखेला ईएमआय कापला जातो.

रानड्यांनी काय केलं? पदव्या पूर्ण केल्या, न्यायखात्यात नोकरी केली, सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, अर्थशास्त्रावरची व्याख्यानं, सगळं केलं. पण तो प्रश्न सोडला नाही. १९०० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, 'राइज ऑफ द मराठा पॉवर'. मराठ्यांची सत्ता म्हणजे लुटारूंची टोळी नव्हती, तिच्यामागे संतांपासून शेतकऱ्यांपर्यंत पसरलेली एक हालचाल होती, असं त्यांनी त्यात मांडलं. तुम्हाला त्यातली मतं पटोत वा न पटोत, ज्या विषयावरून स्टायपेंड थांबला होता त्याच विषयाकडे माणूस जवळपास चाळीस वर्षांनी परत आला होता.

ग्रँटसाहेबांना सरकारच्या कामाचे, शिकलेले, आज्ञाधारक तरुण हवे होते. फेलोशिपने त्यांना रानडे दिला.

इरावतीबाई: दक्षिणेचा पैसा, आणि विषय चित्पावन

आता मी म्हटलं होतं ती गंमत. दक्षिणा फेलोशिप विसाव्या शतकातही चालू होती. १९२६ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन एक मुलगी पदवीधर झाली. तिचा जन्म ब्रह्मदेशातला, १९०५ चा. नाव इरावती, तिथल्या नदीवरून ठेवलेलं. तिला दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि ती मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेली. १९२८ मध्ये तिने एमएचा प्रबंध दिला. विषय काय घेतला? चित्पावन ब्राह्मण. म्हणजे स्वतःचीच जात.

आता मागे वळून बघा. दोनशे वर्षांपूर्वी जो पैसा फक्त ब्राह्मण पुरुषांना धर्मकार्य म्हणून वाटला जात होता, त्याच पैशाच्या वारशावर एक बाई ब्राह्मण जातीलाच संशोधनाचा विषय करून अभ्यासत होती. हे लोक कोण, कुठून आले, त्यांच्या चालीरीती काय, असे प्रश्न विचारत होती. दाभाड्यांच्या किंवा पेशव्यांच्या स्वप्नातही हे आलं नसतं.

पुढे इरावतीबाई कर्वे जर्मनीला गेल्या. यावेळी फेलोशिप नव्हती, जीवराज मेहतांकडून घेतलेलं कर्ज होतं. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेले, पण सुनेने परदेशी जायला त्यांचाही आधी विरोध होता. बर्लिनमध्ये गाईड होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारा, पुढे नाझींना जवळचा ठरलेला माणूस. कवटीच्या आकारातल्या डाव्या-उजव्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, हे त्याला सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आणि निष्कर्ष लिहिला की असा संबंध दिसत नाही. एकटी भारतीय मुलगी, परका देश, कर्जाचा पैसा, आणि समोर गाईड. तरी आकडे जे सांगत होते तेच तिने लिहिलं.

परत आल्यावर १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. हो, तेच डेक्कन कॉलेज, श्रावणातल्या दक्षिणेचं. नातेसंबंधांवर संशोधन केलं, उत्खननांत भाग घेतला, वारीत चालल्या, पुण्यात स्कूटर चालवली आणि ललित लेखही लिहिले. महाभारतावरचं त्यांचं 'युगान्त' १९६७ चं, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवट्या मोजणारी बाई आणि 'युगान्त' लिहिणारी बाई एकच. आमच्या कट्ट्यावरचा रसायनशास्त्रवाला गझल लिहितो म्हणून लोक त्याला "आधी पीएचडी संपव" म्हणतात. त्यांना इरावतीबाईंबद्दल सांगायला पाहिजे.

बाबासाहेब: साडेअकरा पौंड आणि साठ कोर्स

आतापर्यंतची सगळी नावं एकाच बाजूची आहेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. दक्षिणेच्या रांगेत ज्यांना उभंच राहता येत नव्हतं, त्यांचं काय?

१९१३. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एका २२ वर्षांच्या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार असा की परत येऊन बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. आजच्या भाषेत बॉण्ड.

भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले. संस्थानला कारभाराला उपयोगी पडेल असा अर्थशास्त्राचा जाणकार हवा होता. तो त्यांना मिळालाच. पण कोलंबियातल्या नोंदी बघा. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. बेरीज करा, साठ होतात. भुकेल्या माणसासारखं त्यांनी ज्ञान घेतलं. आणि ९ मे १९१६ रोजी, अर्थशास्त्राच्या नव्हे तर मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात टिकते कशी, तिची यंत्रणा काय, याची ती मांडणी होती. बॉण्डमध्ये हा विषय कुठेही नव्हता.

पुढचा भाग मात्र सोपा नव्हता. लंडनला गेले, तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये अर्धवट अभ्यास टाकून परत यावं लागलं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या जहाजावर होती ते युद्धात बुडालं. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. म्हणजे फेलोशिप मिळाली, जगातल्या मोठ्या विद्यापीठातलं शिक्षण मिळालं, पण गावात खोली मिळाली नाही. आजही विद्यापीठाजवळ भाड्याने खोली बघायला गेल्यावर "आडनाव काय?" हा प्रश्न ज्यांना विचारला जातो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

नंतर सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राची साथ, असं गाठोडं बांधून ते १९२० ला पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' घेऊनच आले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केलाय.

नागसेनवन ते विद्यापीठ गेट

इथून गोष्ट आपल्या शहरात येते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात. मोठं शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठायचं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज मुद्दाम या मागास भागात काढलं, १९५० मध्ये. तेच मिलिंद महाविद्यालय, आणि तो परिसर म्हणजे नागसेनवन. खेड्यांतून, ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी पोरं इथल्या होस्टेलात येऊन राहिली.

आणि मग काय झालं? अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य त्यांनी वाचलं होतं, ते इथल्या मुलांना सांगितलं. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं, १९६७-६८ पासून. दलित साहित्याची जी लाट पुढे महाराष्ट्रभर गेली, तिच्या मोठ्या झऱ्यांपैकी एक इथे, आपल्या शहरात होता. कॉलेज काढलं पदवीसाठी, आणि तिथून साहित्य निघालं.

मिलिंदमधूनच शिकलेला एक विद्यार्थी अर्थतज्ज्ञ झाला आणि २००६ ते २०११ या काळात यूजीसीचा अध्यक्ष. सुखदेव थोरात. साधारण त्याच काळात, २००५-०६ पासून, अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप चालू झाली. देशभरातली कितीतरी घरं अशी आहेत, जिथला पहिला पीएचडीधारक या पैशावर घडला.

आपलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळली, माणसं गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं. दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जी गर्दी होते ती नुसती पाटी बदलल्याची आठवण नाही. हे ज्ञानाचं घर आमचंही आहे, हे सांगायला माणसं येतात.

आज नक्की काय मिळतं?

नेटमधून मिळणारी जेआरएफ १९८४ पासूनची. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७ हजार आहे, सिनिअर झाल्यावर ४२ हजार. महाराष्ट्रात बार्टी, २०१८ पासून सारथी, २०१९ पासून महाज्योती, अशा संस्था आपापल्या समाजगटातल्या संशोधकांना फेलोशिप देतात. रमण्याच्या रांगेच्या मानाने दार खूप रुंद झालंय, हे मान्य करायलाच हवं.

पण प्रत्येक वेळी हे दार कोणीतरी धरून उभं राहिलं म्हणून उघडं राहिलंय. ऑक्टोबर २०१५ मध्ये यूजीसीने नेट नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचं ठरवलं. रक्कम होती एमफिलला ५ हजार आणि पीएचडीला ८ हजार. विद्यार्थी दिल्लीत यूजीसीच्या दारात महिनोन्‌महिने बसले. २०२३ मध्ये बार्टीचे संशोधक मुंबईच्या आझाद मैदानात बसले. ज्या वेळात ग्रंथालयात असायला हवं त्या वेळात मैदानात.

आणि मंजूर झालेली फेलोशिपसुद्धा वेळेवर येतेच असं नाही. कट्ट्यावरच्या मोडीवाल्याचे पैसे एकदा सात महिने आले नाहीत. सात महिने तो संध्याकाळी क्लासवर शिकवत होता आणि रविवारी पार्सल पोचवत होता. त्या काळात त्याने किती कागद वाचले? जवळपास शून्य. कोणी त्याला रानड्यांसारखं बोलावून सांगितलं नाही की हा प्रश्न विचारू नकोस. तशी गरजच पडली नाही. पैसे थांबले, प्रश्न आपोआप थांबला.

म्हणून मला वाटतं, फेलोशिप म्हणजे पगार किंवा बक्षीस, असं म्हणणं अपुरं आहे. फेलोशिप म्हणजे वेळ. २०१९ च्या दुष्काळात आपल्या मुकुंदवाडीतली शाळकरी मुलं रेल्वेने जाऊन पाणी भरून आणत होती, परदेशी वृत्तसंस्थांनीही ती बातमी दिली. त्या मुलांत हुशारी कमी होती का? अजिबात नाही. त्यांचा वेळ पाण्यात जात होता. ज्याच्या घरी नळाला पाणी आणि कपाटात पुस्तकं आहेत, त्याला हा वेळ जन्मतः मिळतो. बाकीच्यांना तो कोणीतरी द्यावा लागतो.

"करदात्यांच्या पैशावर पस्तीस वर्षांची पोरं शिकतायत" असे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात. "दखनी गाण्यांवर पीएचडी करून देशाला काय मिळणार?" हा प्रश्नही येतो. त्यावर माझं उत्तर या सगळ्या इतिहासातच आहे. ग्रँटसाहेबांना रानड्यांकडून काय हवं होतं? बडोद्याला भीमरावांकडून काय हवं होतं? फिशरला इरावतीबाईंकडून काय हवं होतं? पैसे देणाऱ्याने जे मागितलं, त्याच्या पलीकडे जे मिळालं, तेच आज आपण आठवतो. 'उपयोग काय' हे आधीच ठरवून पैसे दिले असते, तर आपल्याकडे फक्त एक कारकून, एक हिशेबनीस आणि १४९ चुकीच्या नोंदी उरल्या असत्या.

याचा अर्थ प्रत्येक पीएचडी थोर असते असं नाही. कॉपी-पेस्टचे प्रबंध आहेत, फक्त पैशासाठी नाव नोंदवणारेही आहेत. आमच्या आयटीतही टाइमशीट भरून झोपा काढणारे आहेतच. म्हणून कोणी कंपनीभर सगळ्यांचे पगार रोखत नाही.

तर मंडळी, आज एकच काम देतो. तुमच्या गल्लीत, नात्यात, होस्टेलात कोणीतरी पीएचडी करत असेल. त्यांना भेटलात की "कधी संपणार?" असं विचारू नका. ते त्यांना रोज दहा जण विचारतात. विचारा, "दादा, तुझा प्रश्न काय आहे?" "ताई, आत्तापर्यंत काय सापडलं?" आणि मग दहा मिनिटं गप्प बसून ऐका. मी मोडीवाल्याला विचारलं, तेव्हा मला कळलं की त्याच्या कागदांत पाणी भरायला येणाऱ्या एका बाईची तक्रार आहे, नावासकट. दीडशे वर्षांनी तिचं म्हणणं वाचणारा तो बहुधा पहिलाच माणूस. तिला काय उत्तर मिळालं, ते पुढच्या कागदात आहे की नाही, हे तो सध्या शोधतोय.

एपिसोड आवडला तर ज्याची फेलोशिप अडकलीय त्याला नक्की पाठवा. चहा पण पाजा. भेटू पुढच्या रविवारी!